तपासणीचा दिवस आणि तीन महिन्यांचा हजेरीपट

शाळातपासणीची तारीख आधी कळली की त्या दिवशी वर्ग स्वच्छ असतात, टाचणवह्या पूर्ण असतात आणि विद्यार्थ्यांची उपस्थितीही भरघोस असते. वर्षभराची शाळा मात्र त्या एका दिवसावरून कळत नाही. मधुमेही माणसाच्या रक्ततपासणीचेही बहुधा असेच होते. तपासणी जवळ आली की चहातली साखर बंद होते, रात्रीचा भात सुटतो, दोन दिवस नियमाने फिरणे होते. उपाशीपोटीचा आकडा समाधानकारक येतो आणि त्याच संध्याकाळी सारे निर्बंध उठतात. यात फसवणूक होते ती डॉक्टरांची नव्हे. स्वतःच्या डोळ्यांची आणि मूत्रपिंडांची.

हा दोष बव्हंशी दूर करणारी चाचणी म्हणजे ‘एचबीएवनसी’. रक्तातील साखरेचा काही अंश तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटतो आणि पेशी जिवंत असेपर्यंत तसाच राहतो. या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. साहजिकच, साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे शेकडा प्रमाण काढले की गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज येतो. त्यात अखेरच्या महिन्याचा वाटा सर्वांत मोठा. ७ टक्के म्हणजे रक्तशर्करेची सरासरी सुमारे १५४, तर ८ टक्के म्हणजे सुमारे १८३. दोन दिवसांच्या पथ्याने हा हजेरीपट बदलत नाही.

या आकड्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर अनुभवाने दिले आहे. अमेरिका व कॅनडा येथील १,४४१ इन्शुलिनावलंबी रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाची पातळी ९ टक्क्यांच्या आसपास होती, तर काटेकोर उपचार घेणाऱ्यांची ७ च्या आसपास. आरंभी दृष्टिपटल निरोगी असलेल्यांत या दुसऱ्या गटातील नेत्रविकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी आढळला. प्रौढ वयातील मधुमेहाबाबत ब्रिटनमधील १९९८ च्या निष्कर्षांनीही हीच दिशा दाखविली.

तथापि सरासरीवर आंधळा विश्वास ठेवणेही योग्य नव्हे. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यावरून गरिबाच्या घरची चूल पेटली की नाही, हे कळत नाही. त्याचप्रमाणे साखर कधी ६० पर्यंत घसरणाऱ्या आणि कधी २५० वर जाणाऱ्या रुग्णाची सरासरीही निर्दोष दिसू शकते. म्हणून रोजच्या तपासणीची गरज संपत नाही.

आपल्या देशात आणखी एक अडचण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. लोहाच्या अभावी हा आकडा खोटा वाढू शकतो. उलट गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांत पेशी लवकर नष्ट होत असल्याने तो खोटा कमी येतो. एकीला नाहक औषध मिळावे आणि दुसऱ्याचा आजार झाकला जावा, हा अन्याय हिमोग्लोबिनची साधी तपासणी सोबत केल्यास पुष्कळसा टळेल.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी सांगितली. साखर आटोक्यात असलेल्यांना वर्षातून दोनदा आणि नसलेल्यांना दर तीन महिन्यांनी ही चाचणी आवश्यक मानली जाते. काही शे रुपयांचा हा खर्च हातावर पोट असणाऱ्याला जड जातो आणि तो टाळतो. पुढे मूत्रपिंडे निकामी झाली की आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसचा भार त्याच्या कुटुंबावर व सरकारी तिजोरीवर पडतो. ही काटकसर कोणत्याही हिशेबात बसत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून ही चाचणी विनामूल्य आणि नियमित मिळावी. आणि तिचा अर्थ रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगणे, हाही उपचाराचाच भाग मानला जावा.