वीज गेली, वीज आली, पण बोर्ड उठेना



शेतावरच्या खोलीत स्टार्टरच्या शेजारी हल्ली एक लहानशी पेटी दिसू लागली आहे. तिच्यात पत्त्यांच्या कॅटाएवढा किंवा त्याहूनही लहान असा संगणकाचा बोर्ड असतो. कोणाकडे रास्पबेरी पाय, तर कोणाकडे इएसपी-३२. ठिबकचे व्हॉल्व्ह उघडावेत, कोंबड्यांच्या शेडमधले तापमान पाहावे, टाकीतले पाणी किती ते मोबाइलवर कळवावे, अशी कामे तो करतो. बहुधा घरातल्या शिकत्या मुलाने किंवा मुलीने तो बसवलेला असतो. सुट्टी संपली की मूल शहरात परत जाते आणि पेटी तुमच्या स्वाधीन राहते. मग एके दिवशी लाईट जाते, परत येते, पण पेटी काही बोलत नाही. इकडे पिकाची पाण्याची पाळी चुकते.

अशा वेळी "बोर्ड जळला" असे म्हणून आपण नवा मागवतो. महिनाभरात तोही तसाच वागू लागतो. कारण पुष्कळदा दोष बोर्डात नसतोच, तो बोर्डाला मिळणाऱ्या विजेत असतो. म्हणून लेखाचे सार आधीच सांगून टाकतो. आधी चार्जर पाहा, मग केबल, मग कार्ड. बोर्डावर संशय सर्वांत शेवटी घ्या.

आणखी एक गोष्ट. पेटीतल्या ५ व्होल्टच्या बाजूला हात लावायला हरकत नाही, पण २३० व्होल्टच्या आणि थ्री फेजच्या बाजूला लावू नका. ते काम वायरमनचे. पेटी उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करा.

भूक किती, घास किती?

रास्पबेरी पाय ३ या बोर्डाला ५ व्होल्ट आणि २.५ अँपिअरचा चार्जर लागतो. पाय ४ ला ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला पूर्ण ताकदीसाठी ५ अँपिअर. घरात पडून असलेला जुना मोबाइल चार्जर बहुधा १ अँपिअरचा असतो. त्यावर बोर्ड सुरू होतो, म्हणून आपण निश्चिंत राहतो. पण काम वाढले, पेनड्राइव्ह जोडला किंवा रिले ओढला गेला, की व्होल्टेज खाली बसते. अर्ध्या भाकरीवर बैल दावणीला उभा राहील, नांगर मात्र ओढणार नाही. तोच हा प्रकार.

इएसपी-३२ तसा कमी खाणारा. पण वायफायवर संदेश धाडताना क्षणभर त्याची भूक एकदम वाढते. त्या क्षणी वीज कमी पडली तर तो बंद पडून पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. संगणकाला जोडून पाहिले तर तो स्वतःच "ब्राऊनआउट" असा शब्द लिहून दाखवतो. व्होल्टेज खाली गेले, एवढाच त्याचा अर्थ. त्याला निदान अर्ध्या अँपिअरचा चांगला चार्जर द्यावा आणि बोर्डाच्या अगदी जवळ, ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये, ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. विहिरीचे पाणी कमी असले म्हणजे आपण मध्ये हौद बांधतो ना, तसाच हा हौद समजा. कपॅसिटरची उणे बाजू त्याच्या अंगावर छापलेली असते. ती उलटी जोडू नका.

नळी बारीक, दाब कमी

चार्जर चांगला असूनही बोर्ड रडत असेल, तर केबल पाहा. बारीक नळीने लांबवर पाणी नेले की टोकाला दाब उरत नाही. तारेचेही तसेच आहे. स्वस्त केबलमधली २८ गेजची तार २ मीटर लांब असेल, तर जाणारी आणि येणारी मिळून ४ मीटर झाली. तिचा रोध सुमारे ०.८५ ओहम भरतो. १ अँपिअर वाहिला की वाटेतच ०.८५ व्होल्ट जिरतात आणि ५ व्होल्टचे टोकाला ४.१५ राहतात. तीच केबल २४ गेजची असेल तर ०.३४ व्होल्टच जिरतात. रास्पबेरी पाय सुमारे ४.६ व्होल्टच्या खाली तक्रार करू लागतो. स्क्रीन जोडलेला असेल तर वर उजव्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचे चिन्ह दिसते. पाय ३ वरचा लाल दिवा अशा वेळी विझतो किंवा मिचकावतो. म्हणून केबल आखूड आणि जाड घ्यावी. पेटी लांब न्यायची असेल, तर २३० व्होल्टची लाईन वायरमनकडून पेटीजवळ आणवून चार्जर तिथेच बसवावा.

मीटरने मोजायचे तर बोर्ड चालू असताना बोर्डाच्या पायांवरच मोजा. मोकळ्या चार्जरचे माप फसवे असते. मीटर ५ दाखवतो म्हणून सगळे ठीक, असेही धरू नका. क्षणभराचा खड्डा साध्या मीटरला दिसत नाही. त्यापेक्षा बोर्ड नेमका केव्हा बंद पडतो ते पाहा. रिले ओढताना पडत असेल, तर रिलेला वेगळा चार्जर द्या. ५ व्होल्टचा एक सामान्य रिले ७० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, चार मिळून पाव अँपिअरच्या वर जातात. मोटरचा स्टार्टर सुटताना बोर्ड पडत असेल, तर स्टार्टरच्या कॉइलचा झटका त्याला बसतो आहे. पेटी स्टार्टरपासून दूर हलवा आणि वायरमनकडून कॉइलवर स्नबर बसवून घ्या.

पॉवरबँकची परीक्षा

दोष विजेचा की बोर्डाचा, हे ओळखण्याचा सोपा उपाय घरातच आहे. पूर्ण चार्ज केलेल्या पॉवरबँकवर, आखूड केबलने, बोर्ड एक दिवस चालवून पाहा. नीट चालला तर चार्जर, केबल किंवा लाईन दोषी. तरीही पडला तर कार्ड किंवा बोर्ड. मात्र बोर्ड फार कमी वीज घेत असेल, तर काही पॉवरबँका "कोणी जोडलेच नाही" असे समजून आपोआप बंद होतात. तो बोर्डाचा दोष मानू नका. पॉवरबँक कायमची जोडून ठेवणेही बरे नव्हे. लाईट जाते-येते त्या क्षणी पुष्कळ पॉवरबँका निमिषभर वीज तोडतात.

अर्धी राहिलेली नोंद

रास्पबेरी पायचे सगळे ज्ञान एका छोट्या मेमरी कार्डावर असते. कारकून वहीत नोंद लिहीत असताना दिवा गेला तर नोंद अर्धी राहते, आणि पुढे वही कोणालाच लागत नाही. लिहिता लिहिता लाईट गेली की कार्डाचे तसेच होते. बोर्ड जळल्यासारखा वाटतो, पण खराब झालेले असते ते कार्डच. म्हणून सगळे नीट चालू असतानाच कार्डाची हुबेहूब नक्कल दुसऱ्या कार्डावर करून घरात ठेवा. सुट्टीत मूल घरी आले की हे काम आधी सांगा. बोर्डाच्या मांडणीत "ओव्हरले" नावाची सोय असते. ती चालू केली की कार्डावर लिहिणे थांबते आणि हा धोका फार कमी होतो. इएसपी-३२ला असे कार्ड बहुधा लागत नाही, त्यामुळे लाईट गेल्याने त्याचे सहसा बिघडत नाही.

वीज आल्यावर पहिली हालचाल

हा भाग घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. लाईट आल्याबरोबर बोर्ड जागा होताना काही रिले आपोआप "टक" करतात. त्या रिलेवर मोटर असेल आणि त्याच वेळी कोणी पाइप जोडत असेल, तर जीव जाण्याची वेळ येते. मोटरचा मेन स्विच बंद ठेवून फक्त बोर्डाची वीज दहा वेळा बंद-चालू करा आणि कान देऊन ऐका. एकदाही टक झाले तर प्रोग्रॅम आणि जोडणी सुधारल्याशिवाय मोटर जोडू नका. जागे होताच सर्व रिले बंद, हीच प्रोग्रॅमची पहिली ओळ असावी.

दुसरी खोड घड्याळाची. पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. इंटरनेट नसेल तर वीज जाताना जी वेळ होती तिथूनच ते मोजायला लागते. चार तास लाईट गेली तर पहाटे ५ ची पाळी सकाळी ९ ला सुटेल. डीएस-३२३१ नावाचे छोटे घड्याळ बटणसेलसह जोडले की हा घोळ मिटतो.

बॅटरीचा हिशेब

संगणकाच्या यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी, कायम जोडून ठेवण्याजोगा चार्जर आणि १२चे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर एवढे साहित्य पुरते. बॅटरीत ८४ वॅट-तास असतात, त्यातले निम्मेच वापरावेत. ५ वॅट घेणारा रास्पबेरी पाय त्यावर सहा-सात तास चालेल. अर्धा वॅट घेणारा इएसपी-३२ दोन दिवसांहून अधिक. बॅटरीच्या अधिक टोकाजवळ फ्यूज हवाच. कन्व्हर्टरवरचा स्क्रू फिरवून ५.१ व्होल्ट आधी मीटरवर लावून घ्या, मगच बोर्ड जोडा. उलटे केलेत तर बोर्ड खरोखरच जळेल.

एका कागदावर चार्जरचे अँपिअर, केबलची लांबी, नक्कल कार्ड कुठे ठेवले ते आणि बॅटरी घेतल्याची तारीख लिहा आणि तो पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. रात्री पेटी गप्प झाली की घरात जो असेल त्याला तो उपयोगी पडेल.