शरणार्थी स्त्रीने पुरावा कोणता द्यावा?

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना आश्रय मिळाला. पुढे तेथेच फाळणीने उद्ध्वस्त झालेले सिंधी बांधव वसले. त्यांचे दुःख सामूहिक होते, जगाला दिसणारे होते. परंतु समलिंगी असल्यामुळे जिचा छळ घरच्यांकडूनच होतो, तिने परक्या देशात आश्रय मागताना काय दाखवावे?

युरोपीय संघाच्या न्यायालयाने २ डिसेंबर २०१४ रोजी अशा अर्जदारांना शरीरसंबंधांचे तपशील विचारण्यास मनाई केली. सत्य उशिरा सांगितले, एवढ्यावरून अविश्वास दाखवू नये, असेही बजावले. तरीही २०१५ साली लंडनच्या उच्च न्यायालयात एका नायजेरियन स्त्रीविरुद्ध सरकारी वकिलाने युक्तिवाद केला की, तिला मुले आहेत, म्हणून ती समलिंगी नव्हे! विवाह आणि अपत्ये हा स्त्रीच्या मनाचा पुरावा कधीपासून झाला? आपल्या घरातील आजीला विचारावे. तिच्या लग्नात तिचे मन कोणी विचारले होते?

खोटे दावेही होतात, छाननी हवीच. मात्र जीव वाचविण्यासाठी जिने आयुष्यभर जे लपविले, त्याचेच साक्षीदार तिच्याकडे मागणे ही छाननी नव्हे. त्या स्त्रीला आश्रय मिळाला, तो २०१७ साली.