लसीबरोबर उकिरड्याचीही तपासणी व्हावी

माननीय आयुक्त,
पशुसंवर्धन विभाग, महाराष्ट्र राज्य, पुणे

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पीची साथ सुरू झाली आणि पाहता पाहता राज्यभर पसरली. शेळ्यांच्या देवीवरची लस गावोगाव टोचली गेली, जनावरांचे बाजार बंद राहिले, गोठ्यांत फवारणी झाली. त्या धावपळीत विभागाच्या डॉक्टरांनी घेतलेले कष्ट पशुपालक विसरलेले नाहीत. पण साथ ओसरली की फवारणीचे पंप कोपऱ्यात जातात. रक्त पिणारी माशी मात्र गोठ्यातच असते.

ही चावरी माशी, म्हणजे स्टोमॉक्सिस, दिसायला घरमाशीसारखीच. नीट पाहिले तर डोक्याखालून पुढे आलेली काळी, टोकदार सोंड दिसते. नर-मादी दोघेही रक्त पितात आणि बहुधा पायांवर बसतात. म्हणून धार काढताना गाय सारखे पाय आपटते, लाथ झाडते, पान्हा चोरते. शेपटी तिथवर पोचत नाही. पोट भरण्याआधीच हुसकलेली माशी शेजारच्या जनावरावर जाऊन बसते आणि सोंडेला लागलेला लम्पीचा विषाणू तिथे टोचते. मोठ्या घोडमाश्या याच पद्धतीने जनावरांचा सर्रा हा रोग पसरवतात. त्याचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्येच शोधला होता.

फवारणीने उडती माशी मरते. तिच्या अळ्या मात्र मुताने भिजलेल्या कडब्यात आणि शेणात मिसळलेल्या उष्ट्या वैरणीत सुरक्षित वाढतात. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी उडू लागते. दर आठवड्याला गव्हाणीखालचा ओला थर उपसून उन्हात पातळ पसरला, तर बहुतेक अळ्यांची वाढ पुरी होत नाही. हे काम बिनखर्चाचे आहे, पण ते आवर्जून सांगणारे कुणी हवे.

उपायासाठी दूर जायलाही नको. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप कंपोस्ट टाकी भरल्यावर वरून शेणमातीने लिंपतात. उघडे ओले शेण उरत नाही. रोजगार हमीतून गोठा मंजूर होताना मूत्राची नाली आणि अशी टाकी सोबतच मंजूर व्हावी, यासाठी विभागाने आग्रह धरावा.

मान्सूनपूर्व लसीकरणाला येणाऱ्या पथकाने टोचणीआधी उकिरडा पाहावा, अळ्या दिसल्यास त्या पशुपालकाला दाखवाव्यात आणि पुढच्या फेरीत तोच उकिरडा पुन्हा तपासावा. या दोन्ही तपासण्यांच्या नोंदी लसीकरणाच्या नोंदीशेजारीच ठेवाव्यात, एवढीच विनंती.

राज्यातील पशुपालकांच्या वतीने