शिक्षा झाली, की परवाना रद्द व्हावा

दारूबंदी कायद्याखाली दोषी ठरलेल्या विक्रेत्याचा परवाना निकालासोबतच रद्द झाला पाहिजे, अशी या दैनिकाची ठाम भूमिका आहे.

चंद्रपूरची दारूबंदी 2021 मध्ये उठली आणि अनेक दशकांपासून कोरडा असलेला वर्धा जिल्हा परवानाधारक दुकानांच्या वेढ्यात सापडला. नागपूर, अमरावती, यवतमाळ आणि आता चंद्रपूर. हातभट्टी गावच्या नाल्याकाठी लागते. सीलबंद बाटली मात्र बहुधा कुणाच्या तरी परवान्यावरूनच बाहेर पडते. सेवाग्राम आणि पवनारच्या जिल्ह्यात ती कशी पोहोचते, हे हिंगणघाट-पुलगावच्या बायाबापड्यांना सांगावे लागत नाही.

महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचे कलम 54 शिक्षा झालेल्याचा परवाना रद्द करू देते, पण तसे करण्याची सक्ती करत नाही. सारे अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

अपिलात विक्रेता निर्दोष सुटला तर? हा आक्षेप रास्त आहे. तशा वेळी परवाना परत देता येईल, बुडालेला धंदा मात्र भरून निघणार नाही. तरीही हा धोका पत्करावा लागेल. दारूचा व्यापार हा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्येच खोडे डिस्टिलरीज खटल्यात स्पष्ट केले आहे. उलट अपील चालू असेपर्यंत दुकान उघडे राहिले, तर त्याची किंमत सीमेअलीकडची घरे मोजतात.

राज्य सरकारने येत्या अधिवेशनात कलम 54 दुरुस्त करून ही कारवाई बंधनकारक करावी, आणि तोच परवाना दोषीच्या नातेवाइकाच्या नावे फिरवण्याची वाटही बंद करावी.