पूर्ण रात्रीची झोप

झोप येत नाही, ही तक्रार हल्ली युनियनच्या कचेरीत वरचेवर ऐकू येते. बढती, बदली, क्वार्टर यांचे अर्ज लेखी येतात. ही तक्रार मात्र कामगार चहा पिता पिता, थोडे ओशाळून सांगतो. लोको पायलट असो, पॉइंट्समन असो की आर.एम.एस.मध्ये रात्रभर टपाल लावणारा सॉर्टर, कथा एकच. त्यात ओशाळण्यासारखे काहीही नाही.

माणसाच्या शरीरात एक घड्याळ असते आणि ते उजेड-अंधारावर चालते. त्याचे गुपित उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रोस्टर आठवड्यात तीनदा फिरला तरी हे घड्याळ त्याच्यासोबत फिरत नाही. दोष कामगाराच्या मनाचा नाही.

अशा वेळी गोळी किंवा बाटली ही वाट सोपी वाटते. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. डॉक्टरला न विचारता घेतलेल्या गोळीची गुंगी दुसऱ्या दिवशी ड्युटीवरही राहू शकते. ज्याच्या हाती शेकडो प्रवाशांचे जीव आहेत, त्याला हे परवडणारे नाही.

साधे उपाय आधी करावेत. झोपायच्या वेळेपूर्वी पाच-सहा तास चहा-कॉफी बंद ठेवावी. नाईटला जाण्यापूर्वी तास-दीड तास पडून घ्यावे. नाईटहून परतल्यावर हलके खावे, खिडकीला जाड गडद कापड लावावे आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. वीस-एक मिनिटांत डोळा लागला नाही तर कूस बदलत पडू नये. उठून शांत बसावे आणि झोप आली की पुन्हा अंथरुणावर जावे. रोज थोडे चालावे, पण झोपण्याच्या तोंडावर दमछाक नको. घोरताना श्वास अडकत असेल किंवा निद्रानाश महिनोन्‌महिने चालला असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

आमच्या भगिनींची गोष्ट वेगळी सांगावी लागते. नाईट करून आलेला पुरुष झोपतो आणि घर त्याच्यासाठी आवाज कमी करते. नाईट करून आलेली बाई मात्र थेट ओट्याशी उभी राहते. ही झोप प्रशासनाने नव्हे, आपणच हिरावली आहे. ती आपणच परत द्यायला हवी.

पण खिडकीला कापड लावून रोस्टर सुधारत नाही. रनिंग रूममध्ये दर कॉलला दार वाजत असेल, डास झोपू देत नसतील, तर कामगाराने कोणता उपाय करावा? रेल्वे कायदा, १९८९ चे कलम १३३ स्पष्ट आहे. रनिंग स्टाफला महिन्यात किमान ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच विश्रांती मिळाल्या पाहिजेत आणि त्यात पूर्ण रात्र धरलेली आहे. कायदा करणाऱ्यांनाही कळले होते की दिवसाचे तास मोजून रात्र भरून निघत नाही. टपाल खात्यातील बंधूंना हे कलम लागू नाही, पण शरीर तेच आहे आणि न्यायही तोच.

गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी आरंभी रेल्वे आणि टपाल खात्यातही नोकरी केली होती. विश्रांती कोणी मेहेरबानी म्हणून दिली नाही. ती मागून, झगडून घ्यावी लागली.

म्हणून आमचे सांगणे दुहेरी आहे. घरी झोपेची शिस्त पाळा. आणि ज्या महिन्यात पूर्ण रात्रीची रेस्ट मिळाली नाही, त्या महिन्याच्या तारखा लिहून शाखेकडे द्या. तोंडी गाऱ्हाणे चहाबरोबर संपते. लेखी तक्रार टेबलावर राहते. जागे राहणे हे आपले काम आहे, पण झोप हा आपला हक्क आहे.