हॉप्सची जात टक्क्यावर नको, वासावर निवडा

ऑगस्ट-सप्टेंबरात लेकीकडे पोर्टलंडला होतो, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात. ऑक्टोबर छाटणीच्या आत परत यायचं होतं, म्हणून दीडच महिना. जावई घरी बिअर करतात. तिकडे ते कायद्यात बसतं. घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला 200 गॅलनपर्यंत, फक्त विकायची नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय हा गुन्हा आहे, तेव्हा वाचून कोणी पातेलं चढवू नका. मी पीत नाही. पण वेलीचं पीक म्हटलं की द्राक्षवाल्याला गप्प बसवत नाही.

बिअरला कडूपणा आणि वास येतो तो हॉप्सच्या मादी वेलीच्या फुलांनी. हिरवी, कागदासारख्या पाकळ्यांची फुलं. पाकळीच्या बुडाशी पिवळी चिकट भुकटी असते, सगळा माल त्या भुकटीत. जावई जात निवडताना पाकिटावरचा अल्फा आम्लाचा टक्का बघतात. कॅस्केड जातीत साधारण 5 ते 8, सिट्रात 11 ते 14. म्हणजे सिट्रा दुप्पट चांगली, असा त्यांचा हिशोब.

मी म्हटलं, अहो जावईबापू, हा हिशोब लवंगी मिरचीचा झाला. लवंगी तिखटाला भारी, पण रंगाला ब्याडगीच लागते ना? अल्फाचा टक्का कडूपणा सांगतो, वास नाही. वास तेलांत असतो आणि तेल वाफेबरोबर उडून जातं. म्हणून तासभर उकळतात ती फुलं कडूपणापुरती. वासाची फुलं शेवटी, गॅस बंद करताना टाकायची, नाहीतर थंड झाल्यावर. सिट्रा वाईट नाही, आंबा-लिंबाचा छान वास आहे. पण तो तिच्या टक्क्यामुळे नाही. चेक देशातली साझ घ्या. टक्का जेमतेम 3-4, आणि मंद, मसाल्याच्या वासासाठी तिचं नाव जगभर.

गंमत अशी की यांच्याच कुंपणाला दोरीवर कॅस्केडचा वेल चढलेला, आणि हे सिट्राची पाकिटं मागवतात! सिट्रा मालकी हक्काची जात, ठरलेल्या शेतकऱ्यांनाच लावायला मिळते. आपल्याकडे रॉयल्टीच्या द्राक्षजाती आल्यात तसंच. कॅस्केड 1972 साली तिथल्या सरकारी संशोधनातून आली, कोणीही गड्डा आणून लावावा. माझं मत सरळ आहे. घरी करणाऱ्याने वासासाठी आधी ती जात घ्यावी जी वेलीवर असताना हातात चोळून बघता येते.

कारण जात एक असली तरी तोडणीने वास बदलतो. ऑगस्टअखेर जावयांनी घाईने एक तोडणी केली. फूल दाबलं तर दबूनच राहायचं, वास ओल्या गवताचा. दोन आठवड्यांनी तेच फूल दाबल्यावर परत फुगायला लागलं, बोटं पिवळी झाली, आणि वास थेट पपनसाच्या सालीचा. फार थांबलं तर काही जातींना कांदा-लसणाचा वास येतो. पाकिटावर यातलं काही लिहिलेलं नसतं.

एक अडचण मात्र खरी. घरच्या फुलांचा टक्का कळत नाही. म्हणून कडूपणाला विकतची, टक्का माहीत असलेली घ्यावी आणि शेवटच्या वासाला घरची. ताजी फुलं पाण्याने भरलेली असतात, सुक्या 30 ग्रॅमच्या जागी दीडशे ग्रॅम तरी लागतात.

आता फोन येणारच, 'आपल्याकडे लावू का?' म्हणून. नको. या वेलीला उन्हाळ्यात लांब दिवस लागतो आणि हिवाळ्यात कडक थंडीची झोप. नाशकात मोठ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा वर. भारतात हे पीक हिमाचलातल्या लाहौलला होतं, ते त्यामुळेच. रोपं विकायला कोणी आलं तर चहा पाजून पाठवा.

निघायच्या आदल्या दिवशी बाटल्या भरल्या. मी नुसता वास घेतला. पपनस होतंच, पण मागून ओलं गवत आलं. लेकीकडे बघितलं तर ती हसायला लागली. पहिल्या तोडणीची फुलं जावयांनी सुकवून फ्रीजरमध्ये ठेवली होती, वाया जातील म्हणून तीही ढकलली.