ताल घरचा, रेकॉर्डवर नाव कोणाचं?

मोबाइलवर एक ओळ टाइप केली की ढोलकी, बेस, कोरस सगळं असलेलं गाणं आता मिनिटभरात तयार मिळतं. वरातीत तर बँडची जागा डीजेने कधीच घेतली. मग देऊळगाव राजात बँजो पार्टीत पॅड वाजवणाऱ्या किंवा भजनी मंडळात पखवाज धरणाऱ्या पोराने करायचं काय? 'हे काय करिअर आहे का?' हा घरचा प्रश्न आता जास्तच टोचायला लागलाय.

उत्तर शोधताना मुंबईच्या दोन जॅझ ड्रमरकडे बघा. पहिले त्रिलोक गुर्टू, जन्म १९५१. आई शोभा गुर्टू, बेळगावात जन्मलेल्या नामवंत ठुमरी गायिका. त्रिलोक आधी तबला शिकले, मग ड्रमकडे वळले आणि पुढे युरोपात राहिले. ऐंशीच्या दशकात ते 'ओरेगॉन' या अमेरिकन गटात आणि गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्यासोबत वाजवू लागले. ते जमिनीवर गुडघा टेकून वाजवतात, झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा आवाज वाकवतात. १९८८ च्या 'उसफ्रेट' या स्वतःच्या अल्बममध्ये त्यांनी आईलाच गायला घेतलं.

दुसरे रणजित बारोट. आई कथक नृत्यांगना सितारादेवी. हे मुंबईतच राहिले. लुई बँक्स यांच्यासोबत जॅझ वाजवलं, पण ड्रमवरच थांबले नाहीत. अरेंजिंग, सिनेमाचं पार्श्वसंगीत, स्टुडिओतली निर्मिती असं सगळं शिकत गेले. ए. आर. रहमान यांच्यासोबत बरीच वर्षं काम केलं. २०१० मध्ये 'बडा बूम' हा स्वतःचा अल्बम काढला आणि पुढे मॅकलॉफ्लिन यांच्या 'फोर्थ डायमेन्शन' बँडचे ड्रमर झाले.

दोघांनाही संगीताचं घर आणि मुंबई मिळाली. आपली सुरुवात तिथून नाही, हे मान्य. पण दोन गोष्टी आपल्यालाही जमतील. एक, घरचा ताल त्यांनी टाकून दिला नाही, तोच ड्रमवर आणला. दोन, दुसऱ्याच्या रेकॉर्डवर वाजवता वाजवता स्वतःच्या नावाची रेकॉर्डही केली.

ही दुसरी गोष्ट महत्त्वाची. हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळात गोव्याच्या कितीतरी वादकांनी ऑर्केस्ट्रा उभे केले. त्यांना रेकॉर्डिंगचे पैसे मिळाले, पण तबकडीच्या कव्हरवर बहुतेकांचं नाव आलं नाही. गाणी आजही वाजतात, वाजवणारे कोण ते कोणाला ठाऊक नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने कलाकाराच्या सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क दिला. पण कोणी वाजवलं याची नोंदच नसेल तर हक्क मागणार कशावर?

म्हणून सुपारी घेताना चार ओळी लिहून घ्या, निदान मेसेजवर तरी: रेकॉर्डिंग होणार का, कुठे वापरणार, नाव देणार का. आणि वाजवण्यासोबत रेकॉर्डिंग, मिक्सिंगही शिका. सुरुवातीला साधा लॅपटॉप आणि एक बरा माइक पुरतो.

मशीन तिला ऐकवलेल्यातूनच शिकतं. आपल्याकडचा संबळ, हलगी, बालाजीच्या यात्रेतला ढोल नीट रेकॉर्ड झालाच नसेल, तर तो तिला येणार कुठून? ते काम बाकी आहे. ते आपण केलं नाही, तर बाहेरचा कोणीतरी करेल आणि त्यावर नावही त्याचंच लागेल.